बस्त्याव आणि पिंपांची परीक्षा

१२ ऑक्टोबर २०१४, रविवार

नापास. चौथ्यांदा!

पिंपांच्या रांगेमधून गाडी मागे घेताना तिसरं पिंप पाडलं. नुसता धक्का लागून थांबलं असतं तर एक वेळ लपवता आलं असतं. ते पडलं, गडगडत गेलं आणि परीक्षा घेणाऱ्या पोलिसाच्या बुटाला लागून थांबलं. त्याने आधी बुटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "खलास, मामा." मामा म्हणजे इथे मस्कतमध्ये आई. तीस वर्षांचा बाप्या तो, मी त्रेचाळीसची! नापास केलंस ते केलंस, वर वय कशाला वाढवतोस?

सफिया, माझी गाडी शिकवणारी, बाहेर उभी होती. "इन्शाल्ला पुढच्या वेळी" म्हणाली. पेशंट काही वाचत नाही अशा वेळी डॉक्टर ज्या आवाजात बोलतात ना, त्या आवाजात.

मी हसण्यावारी नेते खरं, पण लायसन्स हवंच आहे. माझ्या नवऱ्याची, विल्सनची शुगर डोळ्यांत उतरलीय. डॉक्टरने बजावलंय — अंधार पडला की स्टिअरिंगला हात लावायचा नाही. टाइल्सच्या कंपनीतला सेल्समन तो. गाडी नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर व्हिसा नाही, आणि लेकीची, लॉराची दहावी मार्चमध्ये. विल्सन म्हणतो, दिवसा मला अगदी लख्ख दिसतं. ठीक. पण रात्रीसाठी घरात दुसरा ड्रायव्हर पाहिजे. तो दुसरा ड्रायव्हर म्हणजे मी! आनंदच आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिसात आज धमाल. आमच्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, धंदा स्पेअर पार्ट्सचा, पण जीव रेसिंगच्या टीममध्ये. या सीझनला त्याने फ्रान्सवरून खराखुरा रेसर आणलाय. नाव बास्तियाँ रूझेल. उंच, बारीक, नाकाला बाक, कानापाशी पांढरे केस. बास्तियाँ म्हणजे सेबास्तियन. आमच्या वसईत जन्मला असता तर बस्त्याव झाला असता, आणि केळीच्या वाडीत पाणी लावत बसला असता. मी तर त्याला बस्त्यावच म्हणणार. या वहीत तरी.

खरी गंमत हारूनने सांगितली. हारून म्हणजे आमचा रत्नागिरीचा, ऑफिसची सगळी सरकारी कामं तोच करतो. दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, या गोऱ्याचं लायसन्स त्याच्याच सरकारने काढून घेतलंय! रस्त्यावर लई जोरात हाकतो म्हणून. रेस लावायचा परवाना वेगळा, तो हाय. पण भाजी आणायला गाडी नेता येत नाय."

माझा चहा नाकात गेला. म्हणजे ट्रॅकवर विमान उडवणारा हा बाबा इथल्या रस्त्यावर गाडी चालवायला माझ्यासारखाच पिंपांच्या रांगेत उभा राहणार!

हारून म्हणाला, "आता बघू, आधी कोण पास होतं. मी तर त्याच्यावरच पैज लावतो, मॅडम. राग नका धरू."

राग कसला? मीही त्याच्यावरच लावली असती.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

अर्बाबने चिंगूसपणा करून बस्त्यावला वादी अदाईत, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर ठेवलंय. आणि मला फर्मान — "तुझ्याच बिल्डिंगमध्ये आहे ना? मग येताना घेऊन ये."

विल्सन खूश! काल गाडी धुतली. आरशाला जपमाळ नवी बांधली. सकाळी बस्त्याव पुढे बसला, मी आणि लॉरा मागे. आमचं नेहमीचं नाटक सुरू झालं. म्हणजे विल्सन विचारणार, "लॉरा, सिग्नल?" लॉरा सांगणार, "ग्रीन, डॅडा." मग विल्सन, "शाब्बास!" लहानपणापासूनचा खेळ. मुलगी पंधराची झाली तरी सोडत नाही. लॉरा बिचारी पुस्तकातून मान वर काढून सांगते.

गल्लीच्या तोंडाशी पूर्वी स्पीडब्रेकर होता. गेल्या महिन्यात डांबर टाकताना काढून टाकला. पण विल्सन अजून तिथे ब्रेक लावतो, गाडी हळूच चढवल्यासारखी करतो, उतरवल्यासारखी करतो. मी म्हटलं, "मेलेल्या सासऱ्यालाही इतका मान देत नाहीस रे!" तो हसला. मीही हसले.

बस्त्याव हसला नाही. दरवाज्यावरची कडी धरून बसला होता. अल् घुब्राला लॉराची शाळा आली, तसा तिच्याबरोबर उतरलाच. "मी इथून चालत जाईन, मादाम इरीन." चालत! घालाच्या ऑफिसपर्यंत! ऑक्टोबरच्या उन्हात! ऑफिसात पोहोचला तेव्हा भाजलेल्या कोळंबीसारखा लाल झाला होता.

कळलं मला. आमची जुनी कोरोला साहेबांना शोभत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

बस्त्याव पिंपांच्या परीक्षेत नापास!!!

मी तिथेच होते. दुसऱ्या रांगेत, पाचव्यांदा नापास व्हायला. याने काय केलं — गाडी मागे टाकली, एकच वळण, एकच झोका, पिंपांना वाराही न लागता बरोबर मधोमध! बघणारे ड्रायव्हर लोक टाळ्या वाजवायला लागले. पोलिसाने शांतपणे कागदावर फुली मारली. "ही सर्कस नाही."

मग माझा नंबर. माझं सांगत नाही. पिंप या वेळी उभं राहिलं, पण वाकलं.

परत येताना एकाच टॅक्सीत मागे दोघं बसलो. एक रेसर, एक ऑफिसबाई, दोघंही नापास. टॅक्सीवाला ओमानी म्हातारा एका हाताने खजूर खात, एका हाताने चालवत होता. त्याच्याकडे लायसन्स होतं. आम्ही दोघं त्याच्याकडे आदराने बघत होतो.

बस्त्याव म्हणाला, "तुम्ही पिंपाकडे बघता. ज्या पिंपाला घाबरता त्याच्याकडेच बघता, म्हणून त्यालाच लागता." मी म्हटलं, "आणि तुम्ही कोणाकडेच बघत नाही, म्हणून फुली मिळते." या वेळी हसला. माणूस वाईट नाही. फक्त कोरोला चालत नाही त्याला.

२ नोव्हेंबर, रविवार

अर्बाबने नवं काम माझ्या गळ्यात घातलं. टीमच्या छापील पुस्तिकेसाठी बस्त्यावचं जीवन आणि कारकीर्द, एक पान, इंग्रजीत. आजवर मी फक्त ब्रेकपॅडची पत्रं टाइप केलीत. म्हटलं, हाही एक स्पेअर पार्टच.

त्याला बसवून विचारलं. बापाची बेकरी. पहाटे पावाच्या गाडीतून गावोगाव फिरायचा. आठव्या वर्षी बाजाराच्या पटांगणात गो-कार्ट चालवायला लागला. सतराव्या वर्षी देशात पहिला. मग छोट्या फॉर्म्युला गाड्या, इटली, जपान. मग एकदा, एकच दिवस, जगातल्या सर्वांत मोठ्या शर्यतींच्या गाडीत बसायला मिळालं. चाचणी म्हणून. "दुपारच्या जेवणापर्यंत मीच सगळ्यांत पुढे होतो, मादाम इरीन." मग? "मग जेवण झालं." जेवणानंतर दुसरा एक मुलगा बसला, त्याच्या बापाची सिमेंटची कंपनी होती.

मला हे फार आवडलं. मीसुद्धा आयुष्यात पुष्कळ गोष्टींत जेवणापर्यंत पुढे असते.

मग चोवीस तासांच्या शर्यती. दोनदा तिसरा आला. मग मोठा अपघात, मग आणखी दोन सीझन, आणि मग एकदम दोन वर्षं कोरी. मी विचारलं, इथे काय लिहू? म्हणाला, "घरगुती कारण." घर कुठलं? लग्न नाही, मूल नाही, आईबाप गेलेले. पण मला काय! लिहिलं — घरगुती कारण.

विल्सन दोनदा म्हणाला, त्याला सांग, सकाळी ये आपल्याबरोबर. मी सांगितलं. बस्त्याव रोज नवा बहाणा सांगतो. आज पोट बिघडलंय, उद्या फोन यायचाय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चर्चमध्ये मिस्सा करून आलो. दुपारी गच्चीवर रेसिंगची शाळा!

बस्त्यावने सुपरमार्केटची एक ट्रॉली कुठून तरी आणली. गच्चीवर गॅसचे रिकामे सिलिंडर पिंपांसारखे मांडले. मी ट्रॉली उलटी ढकलत त्यांच्यामधून न्यायची. ट्रॉलीत वजन म्हणून तांदळाची गोण. खालच्या मजल्यावरच्या मलबारी बाया कपडे वाळत घालायच्या निमित्ताने जमा झाल्या. कोणाला वाटलं असेल बाईला भूत लागलंय आणि गोरा उतरवतोय.

मी त्याला माझी युक्ती दिली. तो घाई करतो ना, म्हणून. प्रत्येक पिंपाला एक नमो मरियाची प्रार्थना म्हणायची, संपल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्याने फ्रेंचमध्ये म्हटलं. छान वाटलं कानाला.

लॉरा वर आली, बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, धिस इज सो एम्बॅरसिंग." आणि गेली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दोघंही पिंपांत पास! दोघंही!! मी पाच नमो मरिया म्हटल्या, त्याने किती ते विचारलं नाही. हारूनने कपाळावर हात मारून घेतला. आता राहिली रस्त्यावरची परीक्षा. पोलीस बाजूला बसतो, पाठीमागे तीन उमेदवार कोंबलेले, आणि प्रत्येकाला चालवायला मिळतात दोन-चार मिनिटं. तेवढ्यात नशीब ठरतं.

विल्सनने स्वतः जाऊन हलवा आणला. घरी म्हणाला, "आता तू चालवायला लागलीस की मी कामातून गेलो." हसत म्हणाला, आणि खाली गाडी पुसायला गेला.

४ डिसेंबर, गुरुवार

रस्त्यावर नापास. गोल चौकात मी सगळ्यांना आधी जाऊ दिलं. एक गेला, दुसरा आला, त्यालाही जाऊ दिलं. पोलीस म्हणाला, "मामा, यल्ला! लोक घरी जेवायला पोचले." मागे बसलेल्या मुली खिदळल्या. सगळे गेल्यावर जायचं असं मी ठरवलं होतं. मस्कतमध्ये सगळे कधीच जात नाहीत.

बस्त्याव पास झाला. आता त्याच्याकडे लायसन्स आहे आणि स्वतःची छोटी गाडीपण. आमच्याबरोबर येता का, असं परत विचारलं नाही मी त्याला, उगाच मान का घालवा!

११ जानेवारी २०१५, रविवार

आज फार भांडले. 

बस्त्याव सकाळी दारात. "लॉराला आणि तुम्हाला मी सोडतो. आजपासून रोज." मी म्हटलं, का? आमच्या गाडीत बसायला लाज वाटते, आणि आता आमच्यावर उपकार? विल्सन आंघोळीला गेला होता म्हणून बरं.

त्याने मला जिन्यात नेलं. म्हणाला, "तुमचा नवरा बघून चालवत नाही, मादाम इरीन. आठवणीने चालवतो. तो स्पीडब्रेकर — तिथे नाही, तरी ब्रेक लावतो. सिग्नल मुलीला विचारतो."

मी म्हटलं, तो खेळ आहे आमचा.

मग त्याने त्या कोऱ्या दोन वर्षांचं सांगितलं. अपघातानंतर त्याला एकाचे दोन दिसायचे. कोणाला सांगितलं नाही. ट्रॅक पाठ होते, वळण पाठ, झाड पाठ, कुठली पाटी कुठे ते पाठ. दोन सीझन असेच चालवले, एकदा बक्षीससुद्धा घेतलं. मग एक दिवस पावसात वळणावर एक गाडी बंद पडून उभी होती. ती पाठ केलेल्यात नव्हती. त्या ड्रायव्हरचा पाय गेला. "ते घरगुती कारण, मादाम. माझा डोळा ऑपरेशनने बरा झाला. त्याचा पाय नाही."

"ट्रॅकवर मुलं रस्ता ओलांडत नाहीत," असंही म्हणाला.

मला इतका राग आला! कोण हा? फ्रान्सचं लायसन्स घालवलेला माणूस माझ्या नवऱ्याच्या गाडी चालवण्याला नावं ठेवतो? बावीस वर्षं मस्कतमध्ये चालवतोय विल्सन. एक चरा नाही. मी तोंडावर दार लावलं.

१२ जानेवारी, सोमवार

घ्या! आज मीच विल्सनची परीक्षा घेतली. जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि समोरच्या भिंतीवरच्या येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीवर बोट ठेवलं. खाली घराच्या आशीर्वादाचे शब्द आहेत, बारीक अक्षरांत. "वाच." विल्सनने घडाघडा वाचलं! एक कानामात्रा चुकला नाही. चष्मासुद्धा न लावता.

ऑफिसात जाऊन बस्त्यावला सुनावलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "नवीन काही वाचायला दिलंत का?"

मी ब्रेकपॅडचं पत्र टाइप करायला बसले. अशा माणसाला काय उत्तर द्यायचं!

१९ जानेवारी, सोमवार

शाळेसमोर नवा खांब बसवलाय, पार्किंग अडवायला. काल विल्सनचा उजवा आरसा त्याला घासला. किरकोळ. आरसा थोडा सैल झालाय, एवढंच. खांब नवीनच होता, कोणालाही लागला असता.

लॉरा रात्री माझ्याशेजारी येऊन झोपली. एवढी मोठी मुलगी! विचारलं, काय ग? "नथिंग. मम्मी, तू लायसन्स लवकर घे ना." नथिंग सोडलं तर सगळं मराठीत बोलली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी आहे. आणि मी म्हटलं, "हो ग, पेपरच्या टेन्शनने असं वाटतं," आणि पाठ फिरवून झोपले. मूर्ख बाई!

नवीन काही अजून विल्सनला वाचायला दिलेलं नाही. वेळच मिळत नाही. परवा विजेचं बिल हातात होतं, तेही कपाटात ठेवून दिलं. का ठेवलं, इरीन? जाऊ दे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पुस्तिका छापायला जाणार. काल बस्त्याव माझ्या टेबलाशी आला. "घरगुती कारण काढा." मग काय लिहू? "लिहा — दिसत नव्हतं, आणि सांगितलं नाही." मी म्हटलं, अर्बाब वेडा होईल, टीमची जाहिरात आहे ही! तर म्हणाला, हा शेवटचा सीझन, नंतर तो गाडी शिकवणार आहे. त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना हे आधी माहीत असलेलं बरं.

टाइप केलं. अर्बाबने वाचलं, बराच वेळ दाढी खाजवली, आणि सही केली.

त्या एका ओळीने मला दिवसभर छळलं. दुपारचा डबा तसाच परत आणला. संध्याकाळी मी स्वतःच वर गेले, बस्त्यावच्या दारात उभी राहिले, आणि माफी मागायच्या ऐवजी म्हटलं, "मला गोल चौक शिकवा." तो म्हणाला, "मी नाही, सफिया शिकवेल. मी मागे बसतो."

म्हणून आज सफिया बाजूला, रेसर मागे, आणि मी स्टिअरिंगवर, कुरमच्या चौकात चकरा! पाचव्या चकरेनंतर सफियाला हसू आवरेना. बस्त्याव फक्त एवढंच म्हणत होता, "जिथे जायचंय तिथे बघा. तिथेच. तिथेच."

मी लॉराच्या शाळेच्या दिशेला बघत होते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पास.

परीक्षा घेणारा तोच, बुटावर पिंप आलेला. "मबरूक, मामा!" म्हणाला, म्हणजे अभिनंदन. मी त्याला आशीर्वाद दिला, मामाच आहे तर देऊन टाकला. हारूनला हलवा, सफियाला हलवा. बस्त्यावने माझा हात हातात घेतला आणि वाकून नमस्कार केला, शर्यत जिंकलेल्या माणसाला करतात तसा.

घरी आले. विल्सन खिडकीपाशी बसला होता. नवंकोरं लायसन्स त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते उजेडाकडे धरलं, जवळ नेलं, लांब नेलं.

"फोटो झकास आलाय ग, इरीन."

कार्डाची मागची बाजू त्याच्याकडे होती.

"हो," मी म्हटलं, "झकास आलाय." मग खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. विल्सनने आवाज ऐकला. 

"उजवा आरसा सैल आहे," म्हणाला. "लॉराला नेताना सांभाळ."